पार्श्वभूमी: नवजात बाळाची चरबी आणि आईचे गर्भारपण

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनात साधारण 10 ते 15 टक्के चरबी असते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पिल्लांत ती इतकी नसते. यातली बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत साठते. तरीही वैद्यकशास्त्र कितीतरी वर्षे वजनकाट्यावरच्या आकड्यावरच समाधानी होते.

मधुमेही आयांची बाळे मोठी आणि गुबगुबीत का होतात, याचे उत्तर कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी 1952 च्या सुमारास मांडले. आईच्या रक्तातली साखर वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागते आणि त्याच्या जोरावर चरबी वाढते. 1980 मध्ये नॉर्बर्ट फ्रेंकेल यांनी यात भर घातली: साखरेबरोबर आईच्या रक्तातली अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थही बाळाची जडणघडण ठरवतात.

उपासमारीची बाजू नेदरलँड्समधून पुढे आली. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई होती. त्या काळात पोटात असलेल्या मुलग्यांच्या, वयाच्या 19 व्या वर्षी झालेल्या लष्करी तपासणीच्या नोंदी 1976 मध्ये अभ्यासल्या गेल्या. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या आया उपाशी राहिल्या त्यांच्यात लठ्ठपणा जास्त, शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिल्या त्यांच्यात कमी. म्हणजे किती खाल्ले याइतकेच कधी खाल्ले हेही मोजावे लागते.

मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते पुण्याजवळच्या गावांत 1990 च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेले काम. तिथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून कॅलिपर या मापकाने मोजलेली त्वचेची घडी, म्हणजे कातडीखालची चरबी, त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला किडकिडीत, तरी चरबी राखून असलेले! आयांच्या आहारातही एकूण कॅलरींपेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाल्ली जातात याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध दिसला.

पुढे मोजमापही सुधारले. बाळाला दोन-तीन मिनिटे बंद पेटीत ठेवून, त्याने बाजूला सारलेल्या हवेवरून शरीराची घनता आणि तिच्यावरून चरबी काढता येऊ लागली. 2008-09 मध्ये नऊ देशांतल्या 23,000 हून अधिक गर्भवतींच्या अभ्यासातून कळले की मधुमेहाच्या पातळीखालीही आईची साखर जसजशी चढते, तसतशी बाळाची चरबी वाढत जाते. धोका सुरू होतो अशी ठळक रेघ कुठेच सापडली नाही.

मग गर्भवतींचा आहार बदलून पाहण्याचे प्रयोग झाले. ब्रिटनमध्ये 1,555 लठ्ठ गर्भवतींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. आहार आणि व्यायामाच्या सल्ल्याने गर्भारपणातला मधुमेह कमी झाला नाही, अवजड बाळांचे प्रमाणही घटले नाही. पुढे सहा महिन्यांच्या बाळांत मात्र पात्याखालची घडी थोडी कमी भरली. ज्या प्रक्रियेची मुळे बाईच्या आधीच्या वजनात, साखरेत आणि पोषणात आहेत, ती पालटण्याचा भार चौथ्या-पाचव्या महिन्यात तिच्या एकटीच्या ताटावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. संशोधकही आता गर्भ राहण्याआधीच्या काळाकडे वळले आहेत.