पॅर्त, आर्व्हो
(११ सप्टेंबर १९३५ – ). एस्टोनियन संगीतरचनाकार. जन्म पाईदे येथे, बालपण राक्वेरेत. घरच्या पियानोच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या असल्याने मुलाने दोन्ही टोकांवरच स्वर धुंडाळले, असे सांगतात. ताल्लिनच्या संगीत महाविद्यालयात हेइनो एल्लेर यांच्याकडे शिक्षण (पदवी १९६३). त्याच सुमारास रेडिओवर ध्वनिमुद्रण तंत्रज्ञाची नोकरी. ‘नेक्रोलॉग’ (१९६०) ही एस्टोनियातील पहिली बारास्वरी (सप्तकातील बाराही स्वरांना समान स्थान देणारी) रचना मानतात. ‘क्रेडो’च्या (१९६८) प्रयोगानंतर सोव्हिएत राजवटीकडून त्यांच्यावर अघोषित बंदी आली. रोष नव्या धाटणीपेक्षा ख्रिस्तावरील श्रद्धा उघड बोलणाऱ्या शब्दांवर होता, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. पुढील सुमारे आठ वर्षांना ‘मौनकाळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र तिसरी सिंफनी (१९७१) याच काळातली असल्याने तो शब्द सैलच घ्यावा लागतो.

१९७६ मध्ये ‘फ्युर अलीना’ या छोट्या पियानोरचनेतून ‘तिंतिनाबुली’ शैली पुढे आली. लॅटिनमध्ये तिंतिनाबुलुम म्हणजे लहान घंटा. नावामुळे शैलीचा उगम घंटानादात शोधला जातो. तंत्र पाहता मौनकाळातील ग्रेगोरियन गायन (मध्ययुगीन ख्रिस्ती प्रार्थनागायन) व प्राचीन बहुस्वरी (एकाच वेळी अनेक सुरावटी चालणाऱ्या) संगीताचा अभ्यास हेच मूळ असावे. या शैलीत दोन आवाज असतात. एक स्वरसप्तकात पायरी-पायरीने चालतो. दुसरा मूळ त्रिस्वराबाहेर (तीन स्वरांच्या मेळाबाहेर) जात नाही. ‘फ्युर अलीना’त हा त्रिस्वर बी, डी व एफ शार्प यांचा. उजव्या हाताने ई वाजवला की डाव्याने त्याखालचा जवळचा डी घ्यायचा. सी शार्प आला की बी, आणि मग शेजारचे दोन स्वर एकमेकांना घासतात. नियम एकदाच मोडतो: डावा हात त्रिस्वराबाहेरचा सी शार्प घेतो, आणि स्वरलिपीत तिथे पॅर्त यांनी फूल काढले आहे. मराठी श्रोत्याला येथे तंबोरा आठवेल. आरंभी दाबून धरलेला खर्जातला बी त्याच्या जवळ जातोही. पण दुसरा आवाज तंबोऱ्यासारखा अचल नसतो, सुरावटीमागे तो जागा बदलतो.

‘फ्रात्रेस’, ‘ताबुला रासा’ (दोन्ही १९७७) व ‘श्पीगेल इम श्पीगेल’ (१९७८) याच पद्धतीच्या रचना. १९८० मध्ये कुटुंबासह देश सोडून ते व्हिएन्नाला व पुढे बर्लिनला गेले. ईसीएम या जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीच्या १९८४ मधील ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव पश्चिमेत सर्वतोमुखी झाले. नंतरचा भर लॅटिन व स्लाव्होनिक धार्मिक संहितांवर. २०१४ मध्ये जपानचा प्रीमियम इम्पीरियाले पुरस्कार. एस्टोनियात परतल्यावर लाउलास्मा येथे त्यांच्या हस्तलिखितांचे केंद्र उभे राहिले. त्याची नवी वास्तू २०१८ मध्ये खुली झाली.