मूनडॉगचे राउंड

मूनडॉग : (२६ मे १९१६ – ८ सप्टेंबर १९९९). न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून वादन करणारा अंध अमेरिकन संगीतकार. मूळ नाव लुई टॉमस हार्डिन. जन्म कॅन्झस राज्यात. वडील धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर लहानपणी अरापाहो या अमेरिकेतील मूलनिवासी लोकांच्या सोहळ्याला गेला असताना त्याला कातडी ढोल वाजवायला मिळाला आणि त्या ढोलाचा ठेका त्याच्या रचनांत पुढे सतत ऐकू येत राहिला. १९३२ मध्ये, सोळाव्या वर्षी, सुरुंग उडवण्याची छोटी स्फोटक नळी (डायनामाइट कॅप) हाताळताना फुटून त्याची दृष्टी गेली. आयोवातील अंधशाळेत तो ब्रेलमधून संगीत शिकला. १९४३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. पुढे १९४७ मध्ये त्याने चंद्राकडे तोंड करून विव्हळणाऱ्या आपल्या कुत्र्यावरून ‘मूनडॉग’ हे नाव घेतले.

सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवर डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण, अंगावर झगा आणि हातात भाला अशा वेशात तो तासन्‌तास उभा असे, कविता विकत असे आणि ‘त्रिम्बा’ हे स्वतः घडवलेले त्रिकोणी तालवाद्य वाजवत असे. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो विक्षिप्त वाटे. त्याचा विक्षिप्तपणा मात्र वेशापुरताच होता. रचनेच्या बाबतीत तो कर्मठ म्हणावा इतका नियमनिष्ठ होता आणि त्याचे राउंड हा त्याचा पुरावा आहे.

राउंडमध्ये सर्व गायकांना चाल एकच असते, पण प्रत्येक जण ती ठरावीक मात्रांच्या अंतराने सुरू करतो. ‘रो, रो, रो युअर बोट’ हे इंग्रजी बालगीत असेच गातात. पहिला दुसऱ्या ओळीवर पोचला की दुसरा पहिली उचलतो, त्यामुळे चालीची प्रत्येक ओळ इतर सर्व ओळींशी जुळणारी असावी लागते. ब्रेलमध्ये चार आवाज एकाखाली एक मांडून एका नजरेत पडताळता येत नाहीत. एकाच चालीतून चारही आवाज उभे करणारा हा प्रकार अंध रचनाकाराला सोयीचा होता असे म्हणता येईल, पण जुळणी सगळी डोक्यातच करावी लागे, हेही खरे. शब्द बहुधा त्याच्याच दोन ओळींच्या कवितांचे असत. ‘ऑल इज लोनलिनेस’ हा त्याचा प्रसिद्ध राउंड पाच मात्रांच्या ठेक्यावर आहे. झपतालाची सवय असलेल्या कानाला पाचाचा हिशोब परका नाही, पण चारच्या ठेक्यावर वाढलेल्या श्रोत्यांना तो निसटता वाटे. अशा सरपटत्या लयीला मूनडॉग ‘स्नेकटाइम’ म्हणे. अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन ज्या चमूत गात असे, त्या चमूने १९६७ च्या तबकडीत ‘ऑल इज लोनलिनेस’ घेतले. १९७१ मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने काढलेल्या ‘मूनडॉग २’ या तबकडीत मूनडॉगने आपली मुलगी जून हिच्यासह असे अनेक छोटे राउंड गायले आहेत.

नभोवाणी निवेदक अ‍ॅलन फ्रीड याने ‘मूनडॉग’ हेच नाव वापरल्यावरून झालेला खटला मूनडॉगने १९५४ मध्ये जिंकला. १९७४ मध्ये तो जर्मनीला गेला आणि तिथेच राहिला. तिथे इलोना गोएबेल हिने त्याचे ब्रेलमधील लेखन नेहमीच्या स्वरलिपीत उतरवले, त्यामुळे ते डोळस वादकांना वाजवता येऊ लागले. म्यून्स्टर येथे त्याचे निधन झाले.