शिंपल्यावरचा वण

दिवाळे कोळीवाड्यात शिंपल्यांचा वाटा घेतलात, तर कालवणात टाकण्याआधी दोन-चार शिंपले उन्हात तिरके धरून बघा. एखाद्यावर वाढीच्या बारीक रेषा मध्येच वेड्यावाकड्या तुटलेल्या दिसतात आणि तिथून पुढे पुन्हा सरळ सुरू होतात. खेकड्यासारख्या कुणीतरी कड फोडली, शिंपला बचावला, त्याने कवच सांधून घेतलं. किनाऱ्यावरच्या रिकाम्या शिंपल्यांवर कधी गोल भोकही सापडतं, बाहेर रुंद, आत निमुळतं. हे मांसाहारी गोगलगायीचं काम. स्रावाने कवच मऊ करायचं, खरवडत्या जिभेने पोखरायचं आणि आतलं मांस फस्त करायचं.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरही अशाच खुणा असतात. त्या वाचण्यात जीवाश्मांचे अभ्यासक गीरत व्हर्मेय यांनी हयात घालवली, तीही बोटांनी. १९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या व्हर्मेय यांची दृष्टी काचबिंदूमुळे तिसऱ्या वर्षी गेली. पुढे अमेरिकेत शाळेतल्या बाईंनी फ्लोरिडाचे शिंपले हाती दिले आणि पोराला नाद लागला. प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी झाल्यावर येल विद्यापीठात पीएचडीसाठी मुलाखतीला गेले, तर न दिसणारा मुलगा शंख-शिंपल्यांचा अभ्यास करणार कसा, ही शंका आलीच. मुलाखत घेणाऱ्याने संग्रहालयात नेऊन हातात शंख ठेवले. त्यांनी चाचपून नावं सांगितली, विषय संपला. १९७१ मध्ये पीएचडी, मग मेरीलँड, पुढे कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. नोकऱ्यांचा तपशील एवढा पुरे.

पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावर त्यांच्या बोटांना जाड कवचं, चिंचोळी तोंडं आणि फोडलेले शंख लागले. हे चिलखत शत्रूमुळे आलं असेल, तर जीवाश्मांत त्याचा इतिहास दिसायला हवा. १९७७ च्या शोधनिबंधात त्यांनी तो मांडला: डायनोसॉरच्या काळात समुद्रात कवच फोडणारे आणि पोखरणारे शिकारी वाढले, तसे गोगलगायींचे शंखही अधिक भक्कम आणि काटेरी होत गेले.

त्यांचा मला सर्वांत आवडलेला मुद्दा वणांचा आहे. आरपार भोक मेलेल्याचं, वण वाचलेल्याचा. आणि वाचलेल्यालाच पुढे पिल्लं होतात. म्हणजे कवच घडवण्यात फसलेल्या हल्ल्यांचा वाटा मोठा. पण मोजायला बसलं की पंचाईत होते. एखाद्या थरात वण जास्त सापडले, तर हल्ले वाढले म्हणायचं, की हल्लेखोरच कच्चे होते? नुसत्या आकड्यावरून ते ठरत नाही. म्हणून वणांच्या जोडीला कवचाची जाडी, तोंडाचा आकार आणि त्याच थरात सापडणारे शिकारी, असं सगळं तपासावं लागतं.