‘सौम्य लाठीमार’ कायद्यात कुठे आहे?

पुण्यात एखादं आंदोलन चिघळलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतलं वाक्य ठरलेलं असतं: जमावाला पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य लाठीमार केला. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला त्यात सौम्य काय होतं ते सांगता येणार नाही. पोलिसांच्या बळाला कायद्याचा लगाम हवा, ही मागणी जुनी आहे. तिचा माग काढताना पहिली ठेच या शब्दालाच लागते, कारण कायद्यात हा शब्द नाही.

जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ छोटंसं होतं. बेकायदा जमाव असो, किंवा शांतता भंग करेल असा पाच वा अधिक जणांचा जमाव असो, त्याला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. ठाण्याचा प्रभारी अधिकारीही देऊ शकतो, आणि तो जागेवर नसेल तर उपनिरीक्षकसुद्धा. जमाव हलला नाही तर बळ वापरायचं. किती वापरायचं? त्यावर कलम गप्प होतं.

‘शक्य तितकं कमी बळ, शक्य तितकी कमी इजा’ अशा अर्थाचे शब्द संहितेत होते, पण पुढच्या कलमात. कलम १३० लष्कर बोलावलं तर काय, याबद्दल होतं आणि ही अट लष्करी अधिकाऱ्याला घातलेली होती. म्हणजे क्वचित येणाऱ्या जवानावर कायद्याच्या मजकुराचं बंधन, आणि चौकाचौकात रोज दिसणाऱ्या काठीवर मात्र खात्याच्या नियमपुस्तिकेचं, प्रशिक्षणाचं नि न्यायालयांच्या निकालांचं. आधी इशारा, मग अश्रुधूर, मग काठी, गोळी अगदी शेवटी आणि तीही खाली नेम धरून, हा क्रम प्रत्येक शिपायाला शिकवलेला असतो. तो मोडला तर विभागीय चौकशी होते. कायद्याचं कलम मोडणं वेगळं आणि पुस्तिकेतला नियम मोडणं वेगळं. जबाबदारीचा सगळा घोळ या फटीत आहे. शिवाय कलम १३२ होतंच: जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही. ‘सौम्य’ या विशेषणाचं कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही, म्हणूनच ते इतकं टिकलं असावं.

पुणेकरांना याचा सर्वात जवळचा संदर्भ मावळचा. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊरजवळ द्रुतगती मार्ग रोखला. गोळीबारात तिघं गेले, त्यात एक महिला. पोलीस उभ्या गाड्यांच्या काचा फोडताना वाहिन्यांवर दिसले आणि दगडफेकीला उत्तर म्हणून गोळीबार, ही बाजू तिथेच कमकुवत झाली. न्यायालयीन चौकशी बसली, योजना दशकभराहून अधिक काळ अडकली. गोळीबाराचा हुकूम कोणी, कोणत्या क्षणी दिला, हा प्रश्न त्या दिवसापासून विचारला जातोय. शहरात तो आणखी गुंततो. पुण्यात १९६५ पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि आयुक्ताकडे दंडाधिकाऱ्याचेही अधिकार असतात, त्यामुळे हुकूम देणारा आणि काठी चालवणारा एकाच साखळीतले.

जुना इतिहास थोडक्यात. कोठडीतल्या छळाची मद्रास इलाख्यातली सरकारी चौकशी १८५५ ची, पोलीस कायदा १८६१ चा, आणि आपल्याकडचा मुंबई पोलीस कायदा १९५१ चा (महाराष्ट्र हे नाव त्याला फार उशिरा लागलं). या १९५१ च्या कायद्यातलं कलम १६१ मात्र ओलांडून जाता येत नाही. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर सहा महिन्यांत खटला भरला नाही, तर तो बाद; सरकारच्या मंजुरीनं दोन वर्षांपर्यंत मुभा. कर्तव्याच्या नावाखाली म्हणजे नेमकं काय? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं खोटा पंचनामासुद्धा त्यात बसवला. १९६६ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की कबुलीसाठी संशयिताला मारहाण करणं हे तपासाचं काम नाही, तिथे हे संरक्षण मिळत नाही. कोठडीतल्या माराबद्दल तेव्हापासून चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे, रस्त्यावरच्या माराबद्दल नाही.

पुढचा मोठा टप्पा २२ सप्टेंबर २००६ चा. पोलीस सुधारणांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सात निर्देश दिले. त्यातला एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा: राज्याला एक आणि प्रत्येक जिल्ह्याला एक, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, शिफारस खात्यावर बंधनकारक. महाराष्ट्रानं आधी शासन निर्णयावर वेळ मारून नेली. २०१४ च्या फेब्रुवारीत अध्यादेश आला आणि त्याच वर्षी पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली. चर्चा रंगली ती बदल्या कोणी करायच्या याचीच.

त्या गडबडीत दोन शब्द बदलले. जिल्ह्याच्या जागी ‘विभाग’ आला. पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. सोलापूर इथून अडीचशे किलोमीटर. ज्याला ठाण्यात बेकायदा डांबून मारलं, असा रोजंदारीवरचा माणूस तारखेला मजुरी बुडवून पुण्याला येणार, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं. जिल्हावार प्राधिकरणांना तेवढे निवृत्त न्यायाधीश आणि तेवढा खर्च कुठून आणायचा, हा सरकारी बाजूचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण ग्राहक तक्रारीसाठी जिल्ह्याजिल्ह्याला यंत्रणा उभी राहतेच की.

दुसरा बदल ‘बंधनकारक’ या शब्दाचा. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशी विषयांची यादी चांगली लांब आहे. अहवालावरून गुन्हा नोंदवण्याचा मार्गही ठेवला आहे. पण अपवादात्मक परिस्थितीत कारणं नोंदवून अहवाल फेटाळण्याची सोय सरकारनं स्वतःसाठी राखली. अपवाद कोणता, हे ठरवणारंही सरकारच.

त्यानंतर गोष्टी भराभर आल्या. २३ सप्टेंबर २०१४ ला महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं चकमकींसाठी सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत मेलेल्या तरुणाचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघड झालं आणि पोलिसांनाच अटक झाली. २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवून चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश झाला. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर सरकारतर्फे माफी मागितली गेली. परभणीतल्या डिसेंबर २०२४ च्या कोठडीतल्या मृत्यूत तर गुन्हा नोंदवायला उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही १९९७ ची आहे. तो लागू करण्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकलं ते अडकलंच.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कोणकोणत्या गुन्ह्यांत बेड्या घालता येतील याची यादी तिच्यात नव्यानं आली. जमावाच्या प्रकरणात १२९ चं १४८ झालं, १३० चं १४९, १३२ चं १५१. ‘कमी बळ, कमी इजा’ ही अट आता १४९ मध्ये आहे, पूर्वीसारखीच लष्करासाठी.