बिरडं की डाळिंब्या?

श्रावणात समोरच्या काकूंकडून हमखास एक वाटी यायची. दादरच्या आमच्या चाळीत दोन्ही खोल्यांची दारं समोरासमोर. आई वाटी परत करताना (रिकामी नाही, तळाशी साखर घालून) म्हणायची, "डाळिंब्या मस्त झाल्या होत्या हो." काकू म्हणायच्या, "आवडलं ना बिरडं?" वर्षानुवर्षं हा संवाद असाच चालला. एकमेकींचा शब्द दोघींना कळायचा, पण आपला तोच मूळ शब्द आणि समोरची उगीच वेगळं काहीतरी म्हणते, अशी दोघींची समजूत. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेली उसळ तीच. ढोबळमानाने ब्राह्मणांकडे तिला डाळिंब्यांची उसळ म्हणतात, सीकेपींकडे बिरडं. एका वाटीत आईचं पुणं आणि काकूंचं पेण उघडं पडायचं, आणि दोघींच्या ते गावीही नसायचं.

बोलण्यावरून माणूस ओळखता येतो हे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. पण ते मोजायचं कसं? १९६२ साली विल्यम लबॉव्ह हा संशोधक न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत शिरला. सॅक्स महागडं, मेसीज मधलं, क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे, असं तो तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारायचा. उत्तर यायचं, 'फोर्थ फ्लोअर'. मग ऐकू न आल्याचं सोंग करून पुन्हा विचारायचा, आणि आडोशाला जाऊन टिपून ठेवायचा की या दोन शब्दांतला 'र' बोलला गेला की गिळला गेला. अशी २६४ माणसं झाली. निदान एकदा तरी 'र' उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २० टक्के निघाले. हे सगळे दुकानात नोकरी करणारे. आपल्या गिऱ्हाइकांच्या बोलण्याचा रुबाब त्यांनी उचलला होता, असं लबॉव्हचं म्हणणं.

लबॉव्ह दादर स्टेशनबाहेर उभा राहिला असता, तर त्याचं काम एका प्रश्नात झालं असतं. पाण्याची बाटली कुठे? उत्तरात 'पाणी' येतं की 'पानी', आणि ते 'मिळेल' की 'भेटेल'? एकाच दमात दोन परीक्षा. मात्र या दोन्ही परीक्षा एका जातीच्या नाहीत.

'आनि-पानी'ची थट्टा सगळ्यांना माहीत आहे. शाळेत त्यावरून मुलं हसतात, बाई सुधारतात. खरं तर यात चूक काही नाही. मराठीच्या कितीतरी बोलींत 'ण' नाहीच, आगरी-कोळ्यांत तर 'डोळा'सुद्धा 'डोला' असतो आणि वऱ्हाडात त्याचा 'डोया' होतो. एकोणिसाव्या शतकात कोश आणि व्याकरणं तयार झाली, पाठ्यपुस्तकं छापली गेली, तेव्हा पुण्याकडच्या शिष्टांची बोली प्रमाण ठरली, एवढंच. पण थट्टा जगजाहीर असल्यामुळे ज्याला आपली पाळंमुळं झाकायची असतात तो पहिल्यांदा 'न'च घासूनपुसून काढतो. कधी इतका, की 'अनुभव'चाही 'अणुभव' होतो.

'तिकीट भेटलं', 'मी त्याला बोललो' या मुंबईच्या लकबींचं तसं नाही. पुण्याची मावशी ते ऐकून कपाळाला हात लावते, बोलणाऱ्याला मात्र आपण काही वेगळं बोललो याचा पत्ताच नसतो. लबॉव्हने अशा खुणांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीवरच्या खुणा असतात, पण त्या वापरणाऱ्यांच्या लक्षात आलेल्या नसतात. दुसरीवरच्या माणूस नकळत प्रसंगानुसार बदलतो. तिसरीवरच्या चारचौघांच्या चेष्टेचा विषय झालेल्या असतात. 'पानी' तिसरीवर, बिरडं पहिलीवर. म्हणजे जे झाकता येतं, ते कधीच झाकून झालेलं असतं. माणूस सापडतो तो जे झाकायचं त्याला सुचलेलंच नसतं त्यात.

काही गोष्टी तर झाकू म्हटलं तरी झाकत नाहीत. मराठीत 'च' आणि 'ज'चे दोन-दोन उच्चार आहेत, अक्षर मात्र एकच. 'जरा थांब'मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' सारखेच लिहितात, वेगळे बोलतात. पुस्तकातून मराठी शिकलेला उत्तम बोलणारा माणूस इथे हटकून अडखळतो. याचं मूळ पाळण्यात आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर बहुतेकांना तो कळेनासा झाला. घरात कानावर न पडणारे भेद मेंदू वर्षाच्या आत बाजूला टाकू लागतो.

चालीरीतींचंही असंच. आमच्या चाळीत भाद्रपदात नव्या सुनेला पहिला प्रश्न असायचा, "तुमच्या गौरी उभ्या की खड्यांच्या?" पाणवठ्यावरून खडे आणून पुजणाऱ्या कोकणस्थ, मुखवट्यांच्या उभ्या गौरी बहुधा देशस्थ, तेरड्याच्या रोपांच्या असल्या तर कोकणातल्या इतर घरांच्या. आणि गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा नैवेद्य असतो असं कुणी सहज म्हणालं, की बाकीच्या दोन मिनिटं गप्प.

हे गप्प होणं प्रत्येक वेळी निरुपद्रवी नसतं. अमेरिकेत जॉन बॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं की नुसत्या 'हॅलो'वरून ऐकणारे बोलणाऱ्याची बोली दहांत सातांहून जास्त वेळा ओळखतात. त्याच अभ्यासात बॉ यांनी स्वतः तीन ढंगांत बोलून घरमालकांना फोन केले होते. गोऱ्यांच्या वस्तीत घर बघायला यायचं बोलावणं गोऱ्यांच्या ढंगाला सगळ्यात जास्त आलं. भाड्याने घर शोधताना मला एका एजंटने विचारलं होतं, "मॅडम, पार्टी व्हेज आहे ना?" भाडं, डिपॉझिट हे नंतर. मी 'हो' म्हणाले असते तरी त्याने पुढे आडनाव विचारलंच असतं.

माझे बाबा अकोल्याचे. घरात पुणेरी आईसमोर ते 'का रे' म्हणत, आणि अकोल्याहून काकांचा फोन आला की दुसऱ्या वाक्याला 'काहून बे' सुरू. समोरच्याच्या बोलीकडे आपण असे सरकतो, याला हॉवर्ड गाइल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात सिद्धान्ताचं रूप दिलं. मी मात्र पहिलीतच वर्गात हसं झाल्यावर 'मले-तुले' कायमचं टाकलं. चाळीस वर्षं मी स्वच्छ दादरची आहे.

गेल्या महिन्यात प्लाझाजवळ भाजी घेताना मी म्हटलं, "दहा रुपयांचा सांबार द्या." भाजीवाला हसला, "इडलीबरोबर?" लहानपणी घरचा बाजार बाबाच आणायचे, कोथिंबिरीला विदर्भाबाहेर कुणी सांबार म्हणत नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. शेजारी वांगी निवडणाऱ्या बाईंनी मान वर केली.

"अमरावतीच्या काय तुम्ही?"

"नाही हो, मी इथलीच. दादरची."

"हो का," त्या म्हणाल्या आणि एक वांगं उलटंसुलटं करून परत ठेवलं. "आन बाबा कुठले?"