रामकुंडाचे चित्रण टीव्हीवर का अडखळते?

2003च्या सिंहस्थात रामकुंडावर चित्रित केलेली एक मिनीडीव्ही कॅसेट पंचवटीतल्या आमच्या घरी कपाटात बरीच वर्षे पडून होती. ती संगणकावर उतरवून घेतली तेव्हा एका तासाच्या चित्रणाची सुमारे 13 जीबीची फाइल तयार झाली. टीव्हीला लावायची स्टिक नवी होती, तिच्या खोक्यावर '4के' असे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि दिवाळीला सगळे जमलेले असताना आम्ही ती फाइल लावली. आजोबा घाटाच्या पायऱ्या उतरू लागतात, कॅमेरा त्यांच्यामागून हळूहळू वळतो, आणि नेमके त्या वळणावर चित्र धक्के खात सरकू लागले. आजोबांच्या खांद्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटल्या. "अरे, जरा नीट लाव ना, त्यांचा चेहराच दिसत नाहीये," असे आई म्हणाली, पण नीट लावण्यासारखे आमच्या हातात काही उरले नव्हते. त्याच संध्याकाळी नाशकातल्या तिवंधा चौकातल्या रहाडीचे, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या हौदाचे, मोबाइलवर घेतलेले चित्रण दर काही सेकंदांनी थांबत राहिले, आणि मामेबहिणीच्या लग्नाच्या मूळ फायलींमधून सनईचा आवाज तेवढा आला, चित्र आलेच नाही.

या तीन बिघाडांची कारणे तीन वेगवेगळी होती आणि त्यांपैकी एकही खोक्यावरच्या '4के' या शब्दातून कळण्यासारखे नव्हते. म्हणून घरचे चित्रण टीव्हीवर पाहण्यासाठी टीव्हीला जोडायचा मीडिया डबा किंवा स्टिक घ्यायची असेल, तर सुरुवात दुकानातून नव्हे, आपल्या हार्ड डिस्कवरून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

चित्रणाची फाइल म्हणजे चित्रांची नुसती रास नसते. ती कमालीची दाबून बसवलेली घडी असते. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि सेकंदाला 25 चित्रे धरली, तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट लागतात आणि तासाभराच्या चित्रणाला सुमारे 560 जीबी. प्रत्यक्षात तेवढे चित्रण चार-पाच जीबीत मावते, ते दोन युक्त्यांमुळे. पहिली युक्ती एकेका चित्राच्या आतली. चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोन हा कमी-अधिक दाट लहरींची बेरीज म्हणून लिहितात, आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या दाट लहरी ढोबळपणे नोंदवतात किंवा सोडूनच देतात. ज्या गणिती रूपांतराने हे साधते, त्याची कल्पना बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांची. 1972 साली त्यांनी या अभ्यासासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे मागितलेले अनुदान नाकारले गेले, तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी 1974 मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्या मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि प्रत्येक व्हिडिओ आज त्या रूपांतराचा किंवा त्याच्या जवळच्या भावंडाचा आधार घेतो, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही, याची मला खंत वाटते.

दुसरी युक्ती चित्राचित्रांमधली आहे. आजी झोपाळ्यावर बसून गोष्ट सांगत असेल, तर मागची भिंत, खिडकी आणि झोपाळ्याच्या कड्या एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जवळपास तशाच राहतात. मग त्या पुन्हा कशाला साठवायच्या? आधीच्या चित्रातला अमुक चौकोन इतके ठिपके उजवीकडे सरकला, एवढीच नोंद पुरते. रहाडीतले चित्रण याच्या अगदी उलट असते. धप्पा मारून कोणी रंगात उडी घेतो तेव्हा उसळलेल्या पाण्याचा एकही थेंब आधीच्या चित्रात त्या जागी नसतो, रंगलेल्या शेकडो डोक्यांची गर्दी एकाच वेळी हलते, आणि सरकलेले चौकोन शोधण्याची सारी मेहनत फुकट जाते. अशा वेळी एक तर फाइल फुगते, नाही तर चित्र चौकोनाचौकोनांनी फुटते.

ओटीटीवरचा सिनेमा त्याच स्टिकवर सुरळीत चालतो आणि घरची रंगपंचमी मात्र अडते, याचे उत्तर इथे सापडते. ओटीटी कंपन्या एकेक दृश्य मोठ्या संगणकांवर सावकाश, पुन्हा पुन्हा तपासून दाबतात. 4के चित्रासाठी सेकंदाला 15 मेगाबिटच्या आसपासचा इंटरनेट वेग त्यांना पुरतो. मोबाइलला तेच काम चित्रण चालू असतानाच, हातातल्या बॅटरीवर, एका दमात उरकायचे असते, त्यामुळे तो जागेची काटकसर करत नाही. आयफोनवर 4के चित्रण सेकंदाला 30 चित्रांनी आणि नव्या पद्धतीने दाबून घेतले, तरी मिनिटाला साधारण 170 एमबी लागतात, म्हणजे, एका बाइटचे 8 बिट धरले तर, सेकंदाला सुमारे 23 मेगाबिट. 60 चित्रांनी घेतले तर हाच आकडा 50च्या पुढे जातो. घरचे चित्रण ओटीटीपेक्षा हलके असेल ही आपली समजूत म्हणूनच खोटी ठरते.

ही घडी घालण्याच्या आणि उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एच.264 हे कोडेक 2003 साली प्रमाणित झाले, योगायोगाने आमच्या कॅसेटच्याच वर्षी. एचईव्हीसी अर्थात एच.265 हे 2013 साली आले आणि एव्ही1 हे 2018 साली. प्रत्येक पुढची पिढी तेवढ्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवते, पण उलगडायला जास्त गणित करायला लावते. स्टिकमधला मुख्य प्रोसेसर एवढ्या गणिताला पुरा पडत नाही, म्हणून चिपमध्ये या कामापुरता वेगळा भाग कोरलेला असतो. त्याला चकलीच्या सोऱ्यातल्या ताटलीची उपमा चपखल बसते. ताटलीला जो आकार असेल तोच झरझर पडतो. चकलीच्या ताटलीतून शेव काढता येत नाही, आणि सोऱ्या विकत घेतल्यानंतर ही ताटली बदलण्याची सोय नसते. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने चिपमधला डीकोडर, म्हणजे हा उलगडणारा भाग, बदलत नाही.

नुसते कोडेकचे नाव जुळूनही भागत नाही, हे लग्नाच्या फायलींनी आम्हाला शिकवले. साध्या चित्रणात प्रत्येक रंगघटकाच्या 256 छटा असतात, त्याला 8 बिट म्हणतात. 10 बिटमध्ये त्या 1024 होतात आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसत नाहीत. शिवाय आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो आणि रंगातला तेवढा कळत नाही, म्हणून बहुतेक चित्रणात रंगाची माहिती उजेडाच्या चौथाई ठिपक्यांपुरतीच ठेवतात. या मांडणीला 4:2:0 म्हणतात. लग्नाचे चित्रण करणारे व्यावसायिक मात्र पुढे रंग सुधारता यावेत म्हणून पुष्कळदा 10 बिट आणि 4:2:2 या जास्त रंगाच्या मांडणीत कॅमेरा चालवतात. घरगुती टीव्ही, स्टिक आणि डबे 4:2:0 गृहीत धरून घडवलेले असल्याने या फायली त्यांच्यातल्या बहुतेकांना उघडत नाहीत. आवाज उलगडण्याचे काम हलके असल्यामुळे सनई ऐकू येते आणि पडदा काळा राहतो. यावर महागडा डबा हा उपाय नव्हे. छायाचित्रकाराकडून मूळ फायलींबरोबरच पाहण्यासाठी साध्या एच.264 किंवा 8 अथवा 10 बिट 4:2:0 एचईव्हीसीतली प्रत मागून घ्यावी.

आता आजोबांच्या चित्रणाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण तिथे आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. जुन्या टीव्हीच्या चित्रात विजेचा व्यत्यय तरंगत दिसू नये म्हणून चित्राचा वेगही विजेशी जुळवून ठेवला गेला, त्यामुळे आपल्याकडचे हँडीकॅम सेकंदाला 25 चित्रे घेत. त्यातही प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत विभागलेले असे: आधी एकाआड एक रेघा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या उरलेल्या रेघा. मधल्या वेळात आजोबा थोडे पुढे सरकलेले असत. हे दोन अर्धे भाग तसेच एकत्र गुंफून दाखवले की खांद्याला कंगव्याचे दात फुटतात.

धक्क्यांचे कारण याहून वेगळे आहे. अमेरिकेतली वीज 60 आवर्तनांची, म्हणून तिथल्या प्रथेनुसार मोबाइल सेकंदाला 30 किंवा 60 चित्रे घेतात आणि बहुतेक स्टिक टीव्हीला सेकंदाला 60 चित्रेच पाठवत राहतात. 30 आणि 60 यांचा मेळ सहज बसतो, प्रत्येक चित्र दोनदा दाखवले की झाले. 25 चित्रे 60 घरांत बसवायची तर मात्र प्रत्येक चित्राच्या वाट्याला 2.4 घरे येतात, आणि अर्धवट घर तर नसते. म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे दोनदा, मग एक तीनदा, एक दोनदा, एक तीनदा, असा क्रम लागतो. जे चित्र दर वेळी 40 मिलिसेकंद टिकायला हवे, ते कधी 33 तर कधी 50 मिलिसेकंद टिकते. माणूस बसून बोलत असेल तर हे लक्षातही येत नाही, पण कॅमेरा संथपणे घाटावरून फिरतो तेव्हा डोळा त्या गतीमागे निघालेला असतो आणि प्रत्येक अडखळ त्याला टोचते.

उपाय असा, की फाइल 25 चित्रांची असेल तर डब्याने टीव्हीला 50चा संकेत पाठवावा आणि 30ची असेल तर 60चा. अॅपल टीव्ही 4केमध्ये आणि फायर टीव्हीमध्ये मूळ फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे हा आकडा, जुळवण्याची सोय सेटिंगमध्ये दिलेली असते, ती चालू करावी लागते. अँड्रॉइड टीव्हीवर चालणाऱ्या कोडी या अॅपमध्येही तशी सोय आहे, मात्र डब्याने तिला साथ द्यायला हवी. ज्या घरात जुन्या कॅसेटही आहेत आणि नवे मोबाइलही, त्या घराने डबा घेताना हाच प्रश्न पहिल्यांदा विचारावा, असे मी म्हणेन. आमच्या कॅसेटची आम्ही हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने दुसरी प्रत केली. तिच्यात गुंफलेले अर्धे भाग सोडवून सेकंदाला 50 पूर्ण चित्रे केली. मूळ 13 जीबीची फाइल तशीच जपून ठेवली आहे, कारण ही सोडवणूक पुढे आणखी चांगली करता येईल, पण कॅसेटवरची चुंबकीय पट्टी दिवसेंदिवस उतरतच जाणार आहे.

वायफायचे गणित त्यामानाने सोपे आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच असतात, 1, 6 आणि 11. कॉलेज रोडसारख्या दाटीच्या इमारतींमध्ये शेजारपाजारचे सगळे राउटर त्याच तिघींवर गर्दी करतात. 5 गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण त्या लहरी भिंतीत लवकर विरतात, आणि जुन्या नाशकातल्या वाड्याची हातभर जाडीची भिंत असेल तर पलीकडच्या खोलीत फारसे काही पोहोचत नाही. आमची रहाड इथेच अडत होती: फाइल आतल्या खोलीतल्या संगणकावर आणि टीव्ही माजघराच्या भिंतीपलीकडे. एक लॅन केबल ओढली आणि प्रश्न मिटला. अनेक स्टिक आणि टीव्हींचे केबलचे तोंड सेकंदाला 100 मेगाबिटचेच असते, पण 23 काय आणि 50 काय, त्याला ते पुरून उरते.

हार्ड डिस्क थेट डब्याला जोडायची असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि डब्याला एक्सफॅट किंवा एनटीएफएस या फॉरमॅटच्या दुसऱ्या पद्धती वाचता येतातच असे नाही. दुसरे म्हणजे, यूएसबी 2.0चे तोंड 500 मिलिअँपिअरपुरतीच वीज देण्यास बांधलेले असते. फिरत्या तबकडीच्या डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागू शकते, मग ती कटकट आवाज करत बसते. अशा वेळी वेगळी वीज घेणारा यूएसबी हब लावावा.

उपकरणांबद्दल माझा कौल सांगतो. घरात फक्त मोबाइलचे चित्रण असेल, तर टीव्हीचे स्वतःचे यूएसबी तोंड आणि व्हीएलसीसारखे व्हिडिओ चालवणारे अॅप आधी वापरून पाहावे, कदाचित नवे काही घ्यावेच लागणार नाही. स्टिक स्वस्त आणि आटोपशीर, पण तिला डिस्क जोडायला वेगळी ओटीजी केबल लागते. अँड्रॉइड टीव्हीचा, यूएसबी तोंड असलेला डबा बहुतेक घरांना योग्य. अॅपल टीव्ही 4के चित्र फार सुबक देतो, मात्र त्याला डिस्क जोडता येत नाही, फायली घरातल्या दुसऱ्या संगणकावरून घरच्या नेटवर्कवाटे द्याव्या लागतात. रास्पबेरी पाय हा एका छोट्या पाटीवरचा संगणक हौशी माणसाला आनंद देतो. पाय 5मध्ये एचईव्हीसीचा डीकोडर आहे आणि एच.264चा नाही, हे घेण्याआधी माहीत असावे. आणि ज्यांच्याकडे एक बऱ्यापैकी संगणक सतत चालू असतो, त्यांनी त्यावर जेलीफिन हे घरातल्या फायली टीव्हीला पुरवणारे सॉफ्टवेअर बसवावे. टीव्हीकडच्या उपकरणाला जी फाइल कळत नाही, ती हा संगणक त्याच क्षणी कळणाऱ्या रूपात बदलून पाठवतो. अर्थात त्यात विजेचा खर्च होतो आणि चित्राचा दर्जा थोडा उतरतो, म्हणून फाइल जशीच्या तशी चालणे केव्हाही चांगले.

दुकानात जाताना खिशात एक पेन ड्राइव्ह असावा. त्यावर हँडीकॅमचे एखादे कॅमेरा वळणारे दृश्य, मोबाइलचे 4केतले सर्वांत गर्दीचे चित्रण, लग्नाची एक फाइल आणि फाइलच्या नावात मराठी अक्षरे असलेली एखादी क्लिप घ्यावी, आणि दुकानदाराला ती समोरच्या टीव्हीवर लावायला सांगावी. मेन रोडवरच्या ज्या दुकानातून आम्ही दुसरा डबा घेतला, तिथे आम्ही आजोबांचे दृश्य सात-आठ वेळा पाहिले. दुकानदारही काउंटरवरून बाहेर येऊन पाहत उभा राहिला, आणि सेटिंगमध्ये 50 निवडल्यावर कॅमेरा जेव्हा घाटावरून एकसंध सरकत गेला, तेव्हा आजोबांनी पाण्यात उतरण्याआधी गंगेला हात जोडलेले आम्हाला पहिल्यांदा दिसले.