मन शांत होतं ते श्वास सोडताना

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठी सकाळी फिरायला गेलं की प्राणायामाचे गट बसलेले दिसतात आणि जाता जाता एक सूचना कानावर पडते : "छाती भरून श्वास घ्या, मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळेल, मन शांत होईल." मन शांत होतं हे खरं, पण ते ऑक्सिजनमुळे नव्हे.

कोविडच्या काळात घरोघरी आलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावून बघा. निरोगी माणसाचा आकडा ९७-९८च्या आसपास असतो. म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं आहे, आणखी हवा ओढून त्यात फारशी भर पडत नाही. उलट भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

खरी गंमत श्वास सोडण्यात आहे. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली याची नोंद केली होती.

असं का होतं? हृदयाला स्वतःची लय असते. मज्जातंतूंचा काहीच हस्तक्षेप नसेल तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. विश्रांतीच्या वेळी आपले ठोके ७०च्या घरात असतात, कारण मेंदूकडून निघालेला व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला सतत आवरून धरतो. गायमुखच्या उतारावर ड्रायव्हर पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी उतरवतो, तसं. श्वास आत घेताना मस्तिष्कपुच्छातल्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातल्या, श्वसनाच्या पेशी व्हेगसच्या पेशींना थोपवतात आणि ब्रेक सैल होतो. श्वास सोडताना तो पुन्हा लागतो. म्हणून उच्छ्वास जितका लांब, तितका वेळ ब्रेक लागलेला.

हा ब्रेक लागतो कशाने, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली दाखवलं. बेडकाच्या एका हृदयाच्या व्हेगसला त्यांनी विजेने चेतवलं, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! म्हणजे मज्जातंतूच्या टोकातून एखादं रसायन झिरपत असलं पाहिजे. ते ॲसिटिलकोलीन. याच कामासाठी १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. ॲसिटिलकोलीनचा परिणाम सेकंदाच्या आत सुरू होतो आणि एक एन्झाइम त्याचा लगेच चुराडा करतं, म्हणून ठोके एकेका श्वासाबरोबर बदलू शकतात. रागाच्या भरात रक्तात उतरलेलं ॲड्रिनलीन मात्र काही मिनिटं रेंगाळतं. भांडण मिटल्यावरही छाती धडधडत राहते ती त्यामुळे.

आता थोडं अवघड. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत रक्तदाब मोजणारी टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, ठोके मंदावतात, दाब उतरतो. मग उलटं चक्र. या ये-जा करण्याला साधारण १० सेकंद लागतात. श्वासही १० सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला ६ असा केला की दोन्ही लयी जुळतात आणि नाडीतला चढउतार सर्वांत मोठा होतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. इटलीतले लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली एक सुरेख गोष्ट मांडली : लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ असो की 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र, दोन्हींमुळे श्वास मिनिटाला ६च्या आसपास येतो. हरिपाठाची ओळ ओढून म्हणतानाही उच्छ्वास लांबतोच.

म्हणूनच मनःशांतीची स्फटिकं, चुंबकीय कडी आणि 'पाच मिनिटांत व्हेगस रिसेट'च्या जाहिराती पाहून वाईट वाटतं. जो मज्जातंतू तुमच्या प्रत्येक श्वासाबरोबर काम करतोय, त्याला रिसेट काय करायचं? कड्याचे पैसे वाचवा.

ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकलात की तिथेच करून बघा. नाकाने ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, पाच-सात मिनिटं. डोळे मिटायची गरज नाही, छाती फुगवायचीही नाही. पोट हललं पाहिजे. गरगरलं तर थांबा, तुम्ही जास्त जोर लावताय. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जीव नकोसा होत असेल, तर मात्र हे पुरणार नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.

घरातल्या आजी-आजोबांना नाडीतला हा फरक लागला नाही तर घाबरू नये. वयाबरोबर तो कमी होतो, विशीत तो बोटांना चटकन कळतो. नातवंडाचं मनगट धरून बघा.